तिसऱ्या चोराची उडी

४ नोव्हेंबर

सापडला! बाबांचा सिनेमा सापडला. थिएटरच्या जुन्या ऑपरेटरकाकांच्या माळ्यावर — डबे गंजलेले, पण आतली रिळं शाबूत. फिल्म क्लबवाले पुढच्या शनिवारी दाखवणार आहेत. 'चार चोर, सात पाचू'. त्यातला तिसरा चोर म्हणजे आमचे बाबा. हार पळवून गच्चीवरून उडी मारतो ना, तो! ही उडी मी पाळण्यात असल्यापासून ऐकतेय. दर वर्षी गच्ची थोडी उंच होते.

आई त्याच सिनेमाच्या कपडेपटात शिवणकाम करायची. तिथेच दोघांचं जमलं. तिला बातमी सांगितली तर म्हणाली, सुईत दोरा ओवून दे.

५ नोव्हेंबर

बाबांनी अख्ख्या इमारतीला आमंत्रण दिलंय. वरच्या मजल्यावरचे गणिताचे सर पुष्पगुच्छ आणणार. मी विचारलं, सह्या द्यायला नवं पेन आणू का? आणच म्हणाले.

७ नोव्हेंबर

बाबांना खोकला झालाय. म्हणजे मी खोलीत गेले की होतो. काल गुडघा दुखत होता — म्हणे उडीपासूनचं दुखणं. या घरात खरी लंगडते ती आई. डावा पाय, थंडीत जरा जास्तच. लग्नाआधी जिन्यावरून पडली होती. पण तिने त्याचं कधी भांडवल केलं नाही.

शनिवारी आपलं काही जमेलसं वाटत नाही, म्हणाले. मी त्यांच्यासमोर खोकल्याचं औषध ठेवलं. कडू आहे म्हटल्यावर खोकला थांबला.

८ नोव्हेंबर

मी काम करते त्या चष्म्याच्या दुकानात एका आजोबांना काचा लावून अक्षरं वाचायला सांगत होते आणि एकदम डोक्यात प्रकाश पडला. बाबा घाबरलेत! ते त्या सिनेमात नाहीतच. उडी ही शुद्ध थाप!

हसू आलं आणि मग आमंत्रणं आठवली. सगळी इमारत येणार. त्यांची शोभा झाली तर मला नाही बघवणार. आईला गाठून विचारलं, बाबा खरंच आहेत का गं त्यात? ती म्हणाली, शनिवारी बघशीलच.

११ नोव्हेंबर

बघितला. देवा रे!

राजवाड्याचं दार आपटलं की भिंत हलते. चोरांची गाडी आणि पोलिसांची गाडी एकच, फक्त वरची पाटी बदललेली. इन्स्पेक्टरची मिशी मध्यंतरानंतर जाड होते. पाचू म्हणजे सरळसरळ बाटलीच्या काचा. सरांना हसता हसता ठसका लागला. मलाही फार मजा आली असती, पण माझं निम्मं लक्ष बाबांकडे.

आणि आली ती गच्ची. चौघेही चोर काळ्या ढगळ कपड्यांत, तोंडावर फडकी. कोण कुठला, ओळखणार कसं? सुटलो! तिसरा कठड्यावर चढला आणि धाडकन उडी. आमच्या रांगेने टाळ्यांचा कडकडाट केला. बाबा पडद्याकडे बघतच नव्हते. त्यांनी आईचा हात घट्ट धरला होता. म्हटलं, बिचारे, आधार हवाय.

पण खरी गंमत पुढेच. उरलेल्या पाचूंसाठी म्होरक्या तिजोरी फोडतो तेव्हा पडद्यावर नुसता त्याचा हात दिसतो, काळा हातमोजा घातलेला. बारीक तार धरलेली, आणि करंगळी ताठ उभी. ही करंगळी मी रोज बघते! आई कप धरते तेव्हा, सुई धरते तेव्हा. मी वळून पाहिलं तर बाईसाहेब पर्समध्ये काहीतरी शोधत होत्या.

१२ नोव्हेंबर

आईने कबूल केलं. हातमोजे म्होरक्या झालेल्या हिरोच्या मापाचे शिवायचे होते. तिने सवयीने कापडावर स्वतःचाच हात ठेवला, खडूने आखला आणि कापला! शूटिंगच्या सकाळी हिरोचा अंगठाच आत जाईना. दुसऱ्या कापडाला पैसे नव्हते. दिग्दर्शक ओरडला, "ज्याला बसतात त्याचाच हात घ्या!"

म्हणजे म्होरक्या आमची आई. आणि बाबा? "तिसरा चोर," म्हणाली आणि शिवणयंत्र सुरू केलं.

१३ नोव्हेंबर

आई बाजारात गेली तसे बाबा समोर येऊन बसले. "तो तिसरा मी नव्हे," म्हणाले. मी हसू दाबलं.

ते तिथे दिवे उचलायचे. उडी मारणारा माणूस त्या दिवशी आलाच नाही, म्हणून यांना वर चढवलं. खाली बघितलं आणि उडी मारवेना. शिडीवरून उतरले. "मग हातमोजेवाली म्हणाली, द्या ते फडकं इकडे."

आईचा पाय मोडला तो तेव्हा. तिच्या घरी कळलं असतं तर काम सुटलं असतं. म्हणून घरी जिना सांगितला. आणि उडी कोणी मारली असं जो कोणी विचारेल त्याला बाबा सांगू लागले — मी.

"थाप तिच्यासाठी होती गं," म्हणाले. "पुढे मला आवडायलाच लागली."

तेवढ्यात आई आली. मी जाऊन पिशवी घेतली आणि विचारलं, गच्ची केवढी उंच होती गं?

तिने बाबांकडे पाहिलं. मग चप्पल काढता काढता म्हणाली, "फार नव्हती."