परत न आलेले रोगी

१२ ऑक्टोबर १९३१
भातकापणी सुरू. भारे उचलताना विंचू चावतोच. आजवर एकेचाळीस जणांना माझे मिक्श्चर दिले, एकेचाळीसही बरे! हिशेब साधा : जो परत आला नाही, तो बरा झाला. एकही परत आलेला नाही. सगुणा म्हणाली, धाकू मांत्रिकाकडे गेले असतील. बायकोला स्टॅटिस्टिक्स कळत नाही. लंडनच्या एका वैद्यकसभेला निबंध धाडतोय. तिथे ऑनररी फेलोशिप मिळते, परीक्षेशिवाय. परीक्षा आम्हाला मानवत नाहीत, दोनदा पाहिले.

२ नोव्हेंबर
निबंध बोटीने गेला. उद्यापासून पहाटे इंग्रजी संभाषणाचा सराव.

३ नोव्हेंबर
उठलो नाही. हवेत गारवा होता.

२९ नोव्हेंबर
बाबू पेंटरकडून बोर्ड रंगवून लावला : ‘ऑनररी फेलो, लंडन’. रंग वाळायला वेळ लागतो, म्हणून आधीच.

३० नोव्हेंबर
दाराशी ही गर्दी! वाटले, कीर्ती पसरली. ऑनररी मॅजिस्ट्रेट पगार घेत नाहीत, तेव्हा ऑनररी डॉक्टर फुकट, असा लोकांचा समज. बोर्ड माळ्यावर.

२१ जानेवारी १९३२, दुपारी
लंडनचे पत्र! निबंध ‘इंटरेस्टिंग’. फेलोशिपचा विचार करू, फक्त बरे झालेल्या पाच रोग्यांच्या सह्या पाठवा. पाच काय, चाळीस पाठवतो. सुरुवात शिरगावच्या भागोजीपासून, केस नंबर एक.

२३ जानेवारी
भागोजीची बायको जनी अंगणात कुळीथ पाखडत होती. तो कुठे, विचारले. म्हणाली, तुमचं औषध घेतलान नि दिवेलागणीच्या आत गेला. मला वाटले, मुंबईला. सहीसाठी तिथला पत्ता मागितला. तिचे सूप थांबले. मग आत गेली आणि माझी बाटली घेऊन आली, धुतलेली. म्हणाली, राग नाय डॉक्टर, परत द्यायची ऱ्हायलीवती.

२४ जानेवारी
दहा घरे झाली. तिघे वारले. सात जण ठणठणीत, पण ते धाकूकडे गेलेले, माझे औषध त्यांनी प्यायलेच नाही. रडू येत नाही. काहीच वाटत नाही. जेवलो, असे सगुणा म्हणते.

२५ जानेवारी
लंडनला उत्तर लिहायला बसलो. ‘डियर सर’पर्यंत झाले. दुपारी विंचू चावलेला एक माणूस आला. धाकूकडे पाठवला. संध्याकाळपर्यंत ओटीवर बसून होतो. परत आला नाही. रजिस्टरातला त्याचा रकाना कोरा ठेवला.