सुधाकरचे परग्रहवाले आणि बापूजींची सायकल

२३ ऑक्टोबर १९८८, रविवार. सौंसर

आजपासून डायरी. कारण बदला घ्यायचा आहे, आणि बदला घेणाऱ्याजवळ पुरावा पाहिजे.

गुन्हेगार: सुधाकर, माझा आतेभाऊ. नागपूरला पॉलिटेक्निक शिकते. दिवाळीच्या सुट्टीत मित्राचा कम्प्युटर घेऊन आला. कम्प्युटर म्हणजे रबरी बटणांची पाटी. ती टीव्हीला जोडायची, टेपरेकॉर्डरात कॅसेट टाकायची, मग मांजरी भांडल्यासारखा आवाज, मग गेम. गावात परग्रहवाले उतरतात, आपल्या शिपायांनी त्यांना हाकलायचं. शिपाई माझे, परग्रहवाले सुधाकरचे.

कायदा अजब. एकानं आपले गडी हलवायचे, तोवर दुसऱ्यानं भिंतीकडे तोंड करून बसायचं. मग दुसऱ्याचा टर्न. मी पांढुर्ण्याचा माणूस. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमार असते. नदीच्या मधात झेंडा, दोन्ही काठांवरून गोटे, आणि आपण पळायचं झेंड्याकडे. तिथे कोणी टर्न मागत नाही.

म्हणून पळालो. सगळे गडी घेऊन मैदानाच्या मधाकडे. हरलो. सुधाकर म्हणे, "का बे गुणवंता, लढाले गेलता का वरातीत?" पंचफुलाआत्या पदर तोंडाला लावून हसली. आत्याला माफ. सुधाकरला नाही.

२४ ऑक्टोबर

बापूजींनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आपली सायकल देऊन पाठवलं होतं ते आत्याला फराळाचं सामान देऊन आज परत यायला. उद्या जाईन. आधी हिशेब चुकता.

सुधाकरनं आज समजावलं. प्रत्येक गड्याला दर टर्नला पॉइंट मिळतात. पळण्यात खर्च होतात, गोळी मारण्यातही. वाचवून ठेवले तर समोर कोणी आला की गडी आपल्या मनानंच गोळी मारते, टर्न कोणाचाही असो. म्हणे, "थोडे पॉइंट ठेवत जा गड्या, सारे पायात नको घालू."

दुश्मन फुकटात कशाला शिकवते? नक्की चुकीचं सांगून राहिला. आज दुप्पट पळालो. हरलो. पण काल काठावर मेलो होतो, आज मधोमध. प्रगती आहे.

२७ ऑक्टोबर

निश्चय: बोरगावकडच्या शेतातल्या वाटेनं घरी जाईन, रोज चिंचोक्यांचे गडी मांडून सराव करीन, आठवड्यानं परत येऊन सुधाकरला रडवीन.

दुपारी ४. मोहगावच्या बाजारात आहे. बोरगाव उलट्या दिशेला राहिलं. इथे एक माणूस दातानं पाण्याचा हंडा उचलून राहिला. एवढं पाहून निघतो.

२९ ऑक्टोबर

अजून मोहगाव. हंडेवाल्याशी दोस्ती झाली. चिंचोके होते, भाजून खाल्ले. सरावाची गरज मला तशी नाही. सुधाकरचा चेहरा आठवला की रक्त तापते, तेच पुरे.

१ नोव्हेंबर. जामसांवली

मारुतीला नारळ फोडला आणि म्हटलं, बजरंगबली, सुधाकरला धुळीत लोळव. इथला मारुती आडवा पडलेला आहे. बराच वेळ पाहत बसलो. अर्थ साफ आहे: दुश्मन आडवा होणार. पुजारी म्हणे, "देव निवांत आहे, तुम्ही काहून घाई करता? प्रसाद घ्या, बसा." बसायला वेळ कोणाला आहे?

३ नोव्हेंबर. सौंसर

आव्हान दिलं. सुधाकर हरला तर पांढुर्ण्याच्या बसस्टँडवर, चहाटपरीसमोर, सगळ्यांदेखत माझ्या पाया पडेल. मी हरलो तर ही सायकल त्याची.

सायकल बापूजींची आहे. लग्नाच्या आधीपासूनची. रोज स्वतः पुसतात, मला वापरायला देताना चेन दोनदा तपासतात. पण हरणारच नाही तर सांगायचं कशाला? आणि तिच्याशिवाय मी घरात पाय ठेवू शकत नाही, म्हणून तर जोर लागेल.

५ नोव्हेंबर, संध्याकाळ

शांतपणे लिहायचा प्रयत्न करतो.

सुधाकर म्हणे, "तुझ्यासाठी मी काहून बसू? आई खेळते." एवढा अपमान! पण मनात उकळ्या फुटल्या. आत्या चिवड्यासाठी लसूण सोलत होती. म्हणे, "मले काय समजते बाप्पा त्यातलं?" सुधाकरनं एकच बटण दाखवलं: टर्न संपला.

मी पळालो. माझा टर्न संपला, आत्यानं बटण दाबलं. एकही गडी हलवला नाही. मी परत पळालो. तिनं लसूण सोलला, बटण दाबलं. सायकलचं हँडल डोळ्यांपुढे आणून मी शेवटची धाव घेतली, आणि तिचे परग्रहवाले, ज्यांनी जन्मल्यापासून एक पॉइंट खर्च केला नव्हता, बसल्या जागेवरून एकामागून एक माझ्यावर गोळ्या झाडू लागले. माझ्याच टर्नमध्ये!

आत्या दचकली. म्हणे, "हे कोण मेलं रे?" म्हटलं, तुमचा नाही आत्या. म्हणे, "मग बरं बाबू." परत आवाज. "आता कोण?" सुधाकर जमिनीवर लोळत होता. मारुतीनं नवस ऐकला, पण लोळायचं कारण चुकवलं.

हा पराभव मी मानत नाही. हलायलाच तयार नाही तो योद्धा कसला?

सायकल अंगणात उभी आहे. सुधाकरनं घंटी दोनदा वाजवली.

७ नोव्हेंबर. पांढुर्णा

संत्र्याच्या ट्रकवर बसून आलो. बापूजींनी पहिलाच प्रश्न सायकलचा केला. म्हटलं, आत्याकडे आहे, पंक्चर. म्हणे, "ठीक. भाऊबीजेले जातोच हावो, घेऊन येतो."

चार दिवस आहेत. त्याआधी सौंसरला जाऊन सायकल जिंकून आणणार. उद्याच.

१० नोव्हेंबर

फटाक्यांच्या नादात राहून गेलं.

११ नोव्हेंबर, भाऊबीज, रात्री

बापूजी बसनं गेले, बसनंच आले. मी खाटेखाली जायच्या तयारीत होतो, पण ते ओरडले नाहीत. त्यानं जास्त भीती वाटली.

मग हळूहळू सांगितलं. आत्याच्या अंगणात सायकल, हँडलला झेंडूची माळ, चाकाला कुंकू. सुधाकरनं आत्याला सांगितलं होतं की मामाजींनी गुणवंताच्या हातून ओवाळणी आधीच पाठवली. आत्या ओवाळताना रडली. म्हणे, "भाऊ, इतक्या वर्षांत ब्लाऊजपीसच्या पुढे गेला नाही तू. आज मन मोठं केलं. पोराले कॉलेजले कामी येईल." अख्खी आळी पाहायला जमली होती. बापूजींच्या हातातल्या पिशवीत ब्लाऊजपीस होता. तो त्यांनी बाहेर काढलाच नाही.

म्हणे, "दिलेली ओवाळणी परत मागणारा भाऊ मी नाही." मग बराच वेळ कोपऱ्यातल्या हवेच्या पंपाकडे पाहत बसले.

म्हणजे आता बदलाही घेता येत नाही. सायकल जिंकली तरी आणता येत नाही. हरामखोरानं माझी जीतसुद्धा जिंकून घेतली.

१४ नोव्हेंबर, सोमवार

खूप विचार केला. माझी चूक एकच: पळालो. आत्या जिंकली, कारण बसून राहिली. मारुतीसुद्धा तेच सांगत होता. आजपासून एक पॉइंट खर्च करणार नाही. सकाळपासून आमच्या किराणा दुकानात पोत्यावर पडून आहे, ताकद साठवून राहिलो. अशी साठवीन की सुधाकर नुसता समोर आला तरी आडवा होईल.

दुपारी बापूजी गल्ल्यावरून म्हणाले, "गुणवंता, तेलाचा पिपा सरकव."

म्हटलं, बापूजी, माझा टर्न नाही.

बापूजी सकाळपासून जागचे हलले नव्हते, हे मी लक्षात घ्यायला पाहिजे होतं. चप्पल सरळ कानावर आली.