वेंडेलची बोटं

हॅकबेरी, टेक्सस
१७ ऑक्टोबर १९९४

चि. कोरीन हिस ऑर्व्हिलकाकाचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

फोन करत नाही, कारण फोनवर मी ओरडतो आणि अख्खं गाव ऐकतं. चार नोव्हेंबरला आमच्या शाळेचा सहा-सहांच्या अमेरिकन फुटबॉलचा सामना तुझ्या बापाच्या, हॉलिसच्या शाळेशी आहे. सख्खे भाऊ, शेजारची गावं, दोघंही प्रशिक्षक. आणि एकवीस वर्षांत मी त्याला एकदाही हरवलेलं नाही. थँक्सगिव्हिंगला तो टर्की कापतो आणि हरलेल्याच्या ताटात तिची मान वाढतो. एकवीस माना खाल्ल्यात, पोरी! डिसेंबरात गुडघे बदलायचे, मग माझा खेळ संपला. एकदा, फक्त एकदा हॉलिसचा चेहरा पडलेला बघायचाय.

अकरा व्यूह बसवलेत. तरी चेंडू हलायच्या आधीच समोरच्यांना सगळं कळतं. तीन सामन्यांच्या कॅसेट पाठवतोय. तू पुलांच्या भेगा शोधतेस ना? माझी शोध.

काकूचा पापा. माया आहेच, ती राहू दे.
तुझा काका, ऑर्व्हिल


लबक
२१ ऑक्टोबर

ती. काकांस कोरीनचा सा. न., वि. वि.

बाबांचे डावपेच मी सांगणार नाही. मला त्यांच्याच टेबलावर जेवायचं आहे. तुमच्या संघाबद्दल मात्र सांगते.

भेग तुमच्या त्या मधल्या पोराच्या, वेंडेलच्या बोटांत आहे. डाव सुरू करायला चेंडूवर वाकून तो मागे देतो तेव्हा, कोणी चेंडू घेऊन पळणार असेल तर आधीच जमिनीवर भार टाकतो आणि टेकलेल्या हाताची बोटं पांढरी पडतात. चेंडू लांब फेकायचा असेल तर टाचांवर बसतो, बोटं गुलाबी राहतात. मला हे दुसऱ्या कॅसेटमध्ये दिसलं. इतरांनाही दिसलं असेल असं धरून चाला.

अकरा व्यूह टाकून द्या. एकच ठेवा आणि सगळे डाव त्याच्यातूनच खेळा, म्हणजे उभं राहण्यावरून काहीच कळणार नाही. वेंडेलची बोटं सुधारू नका. सामन्याच्या चारपैकी तिसऱ्या भागापर्यंत त्यांना खरं बोलू द्या. मग एकदाच खोटं. आणखी एक: सहा-सहांच्या खेळात नियमाने वेंडेललाही फेकलेला चेंडू झेलता येतो. हे लोक विसरतात.

गुडघ्यांना जपा. लोभ आहे, तो वाढवायची गरज नाही. टिकला तरी पुरे.
कोरीन


हॅकबेरी
३१ ऑक्टोबर

चि. कोरीन हिस आशीर्वाद.

अगं, घोटाळा! वेंडेलला खोटं बोलता येत नाही. ‘भार टाकायचा, पण चेंडू घेऊन कोणी पळणार नाही,’ असं सांगितलं, तर गड्याला इतकं हसू फुटलं की दातांतलं रबर गवतात पडलं. पाच वेळा! डार्लीनकाकू म्हणाली की माझ्या नवऱ्याला अक्कल नाही, त्या पोराला खरं कशाला सांगता? ती स्वतः मैदानावर आली आणि त्याला म्हणाली, बाळा, तिसऱ्या भागानंतर दव पडतं, पाय घसरतो, तेव्हापासून प्रत्येक वेळी रेटून भार टाक. तो म्हणाला, हो मॅडम. झालं!

रोज स्वयंपाकघरातल्या टेबलावर डाव मांडतो: मीठदाणी डावीकडे, मिरपुडीची डबी उजवीकडे. काल सॉसची बाटली चेंडू म्हणून फेकली. पडदा धुवायला टाकलाय.

शुक्रवारी ये. कोणाच्या बाजूला बसशील ते विचारत नाही.
काका


कॉटनवुड
६ नोव्हेंबर

चि. कोरीन हिस बाबाचे आशीर्वाद, वि. वि.

हरलो. तू पाहिलंसच, तरी लिहितो. लिहिल्याशिवाय माझा विश्वास बसायचा नाही. शेवटची दोन मिनिटं, वेंडेलची बोटं पांढरीफटक. मी ओरडलो, पळणार, उजवीकडे! ऑर्व्हिलचा तो लाल केसांचा पोरगा पोटाशी हात आवळून उजवीकडे सुटला. माझे सहाही त्याच्यामागे. मीसुद्धा, रेषेच्या कडेने, पाण्याचं पिंप आडवं करून! सहा जणांनी मिळून त्याला पाडला, तर हात रिकामे. डावीकडे वेंडेल एकटा, मागून त्याच्याकडे फेकलेला चेंडू कवटाळून, खदाखदा हसत धावतोय. त्याच्या बाजूला चिटपाखरू नव्हतं. ऑर्व्हिल नव्या गुडघ्यांची वाट न बघता नाचला आणि मग माझ्या गळ्यात पडून रडला. मलाही रडू आलं, पण ते पिंपाचं पाणी होतं असं मी सगळ्यांना सांगितलंय.

आता तुझं. तुझा चेहरा नेहमीसारखा, दगड. पण अख्खं मैदान उजवीकडे बघत होतं आणि माझी लेक एकटीच डावीकडे. तेव्हाच कळलं मला, हे कोणाच्या डोक्यातून निघालंय. शाब्बास. यंदा मान मी खाईन.

दुसरं असं. तुझ्या शेजारी तपकिरी टोपीवाला एक जण थर्मास धरून बसला होता. पूर्ण सामनाभर तू त्याच्याकडे एकदाही पाहिलं नाहीस. शुक्रवारी मी एक धडा शिकलो: ज्याच्याकडे कोणी बघत नाही, चेंडू त्याच्याकडे असतो.

गुरुवारी चोविसाव्या तारखेला, थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला, त्याला घेऊन ये. आईला अजून बोललो नाही.
बाबा


लबक
१० नोव्हेंबर

ती. बाबांस कोरीनचा सा. न.

त्याचं नाव एमेट. पिकॅनच्या गोड पाईचे दोन तुकडे खातो. तुम्ही फक्त दारात आईसमोर आश्चर्य दाखवा. त्याआधी आरशासमोर सराव करा; तुमच्या भुवया फार खरं बोलतात.

आणि मान त्याला वाढू नका. तो हरलेला नाही.

आपली, पकडली गेलेली,
कोरीन