न उलटलेलं पान

चिंचणी,
८ जानेवारी २०२५

चि. वैभवीस,
मावशीचे अनेक आशीर्वाद.

पत्र पाहून चकित होशील. फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून हा खटाटोप. अक्षर वाकडंतिकडं आलंय. पेन भिकार आहे.

रविवारी तू मला पुण्याला न्यायला येणार आणि मी वाचनालयाची किल्ली संचालक मंडळाच्या हाती ठेवणार, असं आपलं ठरलं. मंडळ टपूनच बसलंय, जागा मोबाईलच्या दुकानाला द्यायला. "मावशी, आता सगळं फोनवर मिळतं, कोण येतं तिथे?" असं तू म्हणालीस. अगदीच खोटं नाही ग. पण सालवडहून अक्षय नावाचा पोरगा येतो, कंपनीतली पाळी संपवून. परीक्षेचा सगळा अभ्यास त्याच्या मोबाईलमध्येच असतो. खोलीवर मात्र ही गर्दी, हा गलका! "मावशी, फोनमध्ये पुस्तकं आहेत, टेबल-खुर्ची कुठाय?" म्हणतो.

आणि दुपारी बायका येतात. बोंबील वाळत घातले की टोपल्या बाहेर ठेवून ओट्यावर बसतात, मी एक प्रकरण वाचते. तू याच ओट्यावर साखरबाईच्या मांडीवर झोपायचीस, आठवतं?

तर सध्याच्या कादंबरीतली नायिका सासरच्या जाचाला कंटाळलेली. साखरबाईच्या सुनेनं, रिद्धीनं, परवा तीच कादंबरी सगळ्यांना फोनवर ऐकवली. त्यात ती विहिरीत जीव देते. माझ्या वाचनात मात्र ती माहेरी परतून सुकी मासळी विकत होती! माझी चोरीच पकडली गेली.

साखरबाई म्हणाली, "फोनातली मेली. तुजी जिती हाय. आमाला तुजीच पायजे."

"अगं, पण पुस्तकात तसं नाही."

"ठावं हाय. दिवाळीपासून तुला दिसत नाय. पान उलटायचं बी इसरतेस."

सगळ्यांना ठाऊक होतं, आणि एकीनेही चकार शब्द काढला नाही. मी रडले, वैभू. पेन भिकार नाही, काचबिंदू आहे. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली सांभाळा, असं डॉक्टर म्हणाले. तुला सांगितलं असतं तर त्याच दिवशी मला उचलून नेलं असतंस.

आता आमचं ठरलंय. रिद्धी फोनवर गोष्ट लावणार, पटली नाही की बंद करायची आणि पुढचं मी सांगायचं. किल्ली मी देत नाही. मंडळासमोर साखरबाई येणार आहे. तिच्या तोंडाला कोण लागतंय!

तू मात्र रविवारी नक्की ये. अक्षरं मोठी करणारा तो टॅब म्हणत होतीस ना, तो आण. डोळे दाखवायला पुण्याला येईन, पण परत आणून सोडशील असा शब्द दे. इथल्या पायऱ्या, कपाटं, बायकांचे आवाज मला न बघता ओळखू येतात. पुण्यात मी खरीच आंधळी होईन ग.

तुझी, पण चिंचणीतलीच,
मंजुळामावशी