पाव ब्रास हिरवे दगड परत मिळणेबाबत

प्रति,
मा. गौण खनिज नियंत्रण अधिकारी,
पंचगंगा विभाग, कोल्हापूर.

अर्जदार : श्रीमती नंदिनी नृसिंह पाटगावकर, वय ६६, निवृत्त प्राध्यापक (भूशास्त्र), रा. साने गुरुजी वसाहत, कोल्हापूर.

विषय : जप्त केलेले खडकांचे ४१२ (आता ३७५) नमुने व नोंदवही परत मिळणे, तसेच श्री. आकाराम दत्तू मोरबाळे, वय ७१, रा. कोडोली, ता. पन्हाळा यांच्यावरील ‘सरकारी कामात अडथळा’ ही नोटीस मागे घेणेबाबत.

संदर्भ : १) आपला पंचनामा दि. १४ जुलै २०२५. २) अर्जदाराचा खुलासा दि. २१ जुलै २०२५. ३) आपली नोटीस दि. १३ ऑगस्ट २०२५.

महोदय,

१. मागील खुलाशात जेथे जेथे ‘मी’ होते, तेथे तेथे आपल्या कार्यालयाने लाल रेघ ओढून ‘अर्जदार असे लिहावे’ असा शेरा मारला आहे. खुलाशाच्या चार पानांपैकी कार्यालयाने तेवढेच वाचलेले दिसते. म्हणून या वेळी सर्वत्र ‘अर्जदार’ असेच लिहिले आहे.

२. अर्जदाराने कोल्हापुरातील एका महाविद्यालयात तेहतीस वर्षे भूशास्त्र शिकविले. श्री. आकाराम मोरबाळे हे त्याच विभागात छत्तीस वर्षे प्रयोगशाळा परिचर होते. दरवर्षी डिसेंबरात विद्यार्थ्यांची सहल कर्नाटकात गदग, चित्रदुर्ग, हट्टी या भागांत जात असे. परत येताना विद्यार्थी फोटो आणीत व आकाराम पाठीवरून दगड आणीत. त्या दगडांवर पांढऱ्या रंगाने क्रमांक घालणे, नोंदवही ठेवणे आणि वर्गात ते फिरविणे यात विभागाचे आयुष्य गेले. सन २०२२ मध्ये विद्यार्थी कमी म्हणून विभाग बंद झाला. प्राचार्यांनी लोखंडी कपाटे भंगारात दिली आणि दगड उपाहारगृहामागच्या खड्ड्यात टाकण्याचा हुकूम केला. तो हुकूम अमलात येण्यापूर्वी अर्जदार व आकाराम यांनी टेम्पोच्या तीन खेपा करून ते सर्व दगड अर्जदाराच्या परसात आणले. तेव्हापासून आकाराम दर रविवारी कोडोलीहून एसटीने येत, दगड पुसत, पुसट झालेले क्रमांक पुन्हा रंगवीत आणि चहा घेऊन परत जात. ‘अवैध साठा’ म्हणतात तो हा.

३. हे दगड काय आहेत हे एकदा सोप्या भाषेत सांगते. आपले कार्यालय ज्या काळ्या दगडावर उभे आहे तो साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आहे. जप्त दगडांपैकी बहुतेक दोनशे सत्तर कोटी वर्षांच्या घरातले आहेत. समुद्राच्या तळाशी लाव्हा ओतला गेला, गाडला गेला, दाबला-भाजला गेला आणि त्यातली खनिजे बदलून खडक हिरवा झाला. अशा हिरव्या खडकांचे लांबच लांब पट्टे कर्नाटकात आहेत आणि तिकडचे सोने त्याच पट्ट्यांतून, गारगोटीच्या शिरांमधून निघते. हे दगड घडले तेव्हा जमिनीवर गवताचे पातेही नव्हते; त्या अर्थी उत्खननाचा परवाना देणारे कोणी हजर नव्हते, हे कार्यालयाने समजून घ्यावे.

४. दि. १४ जुलै रोजी निनावी तक्रारीवरून आपले तपासनीस श्री. अमरसिंह खवरे ट्रॅक्टर घेऊन अर्जदाराच्या दारी आले. त्यांनी पंचनाम्यात ‘काळे-हिरवे दगड, अंदाजे पाव ब्रास, बांधकामायोग्य’ असे लिहिले. दगडांवर क्रमांक का आहेत असे त्यांनी विचारले. ते नमुने आहेत असे सांगताच ते म्हणाले, “म्हणजे विक्रीला काढलेत.” दगड ट्रॅक्टरमध्ये हातांनी ठेवा, ओतू नका, अशी अर्जदाराने विनंती केली. त्यावर श्री. खवरे म्हणाले, “बाई, दगडच हाईत की. दगडाला काय हुतंय?” नोंदवहीही पुरावा म्हणून नेली. त्याच दिवशी नोटीसही दिली की, दगडांचे मूळ गाव, गट नंबर, उत्खननाचा दिनांक व वाहतूक पास सात दिवसांत सादर करावा.

५. अर्जदाराने सातव्या दिवशी खुलासा दिला. उत्खननाचा दिनांक तिला अर्थातच माहीत नव्हता. मूळ गावाच्या रकान्यात कार्यालयाने मग स्वतःच शोध लावला. नोंदवहीत काही नमुन्यांपुढे ‘गारगोटी शीर’, म्हणजे गारगोटीची शीर असलेला खडक, असे लिहिले आहे. ते वाचून कार्यालयाने हे दगड मौजे गारगोटी, ता. भुदरगड येथून चोरल्याचे गृहीत धरले आणि तिकडे पत्र पाठविले. ‘असे दगड आमच्या हद्दीत आढळत नाहीत’ असे उत्तर दि. ४ ऑगस्ट रोजी आले. सबंध प्रकरणात सरकारी कागदावर लिहिलेले शास्त्रदृष्ट्या बरोबर असे हे एकमेव वाक्य आहे.

६. त्याच खुलाशात अर्जदाराच्या हातून एक चूक झाली आणि पुढचे सगळे त्यातून घडले. दगड निरुपयोगी नाहीत हे पटावे म्हणून तिने तिसऱ्या पानावर लिहिले की, यांपैकी एका नमुन्यात सोन्याचा कण आहे. तो कण तांदळाच्या कणीपेक्षा लहान आहे, अशी पुढची ओळ होती. ती कोणी वाचली नाही.

७. दि. ११ ऑगस्टला, सोमवारी दुपारी आकारामांचा फोन आला. दगड जप्त झाल्यापासून ते दर सोमवारी आपल्या कार्यालयाच्या आवारात जाऊन ढिगावरची ताडपत्री नीट आहे का ते पाहून येत. ते एवढेच म्हणाले, “बाई, फोडाय लागल्यात.” अर्जदार रिक्षाने पोहोचली तेव्हा दोन कर्मचारी ढिगाशेजारी घण घेऊन उभे होते आणि छत्तीस नमुन्यांचे तुकडे झाले होते. सदतिसावा तिच्या डोळ्यांदेखत फुटला. तो चित्रदुर्गकडचा होता. उशीसारखा गोल, लाव्हा पाण्यात उतरताच असा गोळा होतो. त्यावर हात ठेवून अर्जदाराने तेहतीस वर्षे मुलांना सांगितले होते की, येथे एके काळी समुद्र होता.

८. श्री. खवरे यांनी तोवर एका फुटलेल्या दगडातला पिवळा चमकता भाग पाकिटात घालून, लाखेने बंद करून, वर ‘सोनेसदृश धातू’ असे लिहून ठेवले होते. अर्जदाराने त्याच दगडाच्या उरलेल्या तुकड्यावर सर्वांसमक्ष सुई टेकवून दाबली. सोने मऊ असते, त्यात सुईचा खळगा पडतो. याचा भुगा झाला, आणि तोही काळसर. हा पायराइट. लोखंड आणि गंधक. पहिल्या वर्षाची मुले सहलीत त्याला सोने समजून ओरडतात आणि दुसऱ्या वर्षी त्याची त्यांनाच लाज वाटते. श्री. खवरे यांना ती वाटल्याचे दिसले नाही. ते कर्मचाऱ्यांना म्हणाले, “पिवळा न्हाय तर दुसरा आसंल. फोडा पुढं.”

९. तेव्हा आकाराम पुढे गेले, डोक्यावरची टोपी काढून खिशात घातली आणि दगडांच्या ढिगावर बसले. कर्मचाऱ्यांनी घण खाली ठेवला. श्री. खवरे म्हणाले, “मामा, उठा. सरकारी माल हाय त्यो.” आकाराम बसून राहिले. मग श्री. खवरे यांनी सूर बदलला. “बरं, सोनं कंच्या दगडात हाय तेवढं दावा, तुमाला सोडतो.”

आकाराम म्हणाले, “सोडायला मला धरलंय कुणी? मी बसलोय.”

त्या दिवशी कार्यालय बंद होईपर्यंत ते बसले. दुसऱ्या दिवशी कुलूप उघडायच्या आधी येऊन पुन्हा बसले. पाऊस भुरभुरत होता. अर्जदाराने छत्री धरली तर म्हणाले, “दगडांवर धरा. माजं वाळतंय.” आवारात कामासाठी आलेले लोक थांबून विचारू लागले की, हे पावणं कशासाठी बसलेत. अर्जदाराने विचारणाऱ्या प्रत्येकाला दगडाचे वय सांगितले. तेहतीस वर्षांत इतका मन लावून ऐकणारा वर्ग तिला मिळाला नव्हता.

१०. दुपारी श्री. खवरे नोंदवही घेऊन बाहेर आले. सोन्याचा उल्लेख असलेले पान त्यांना अखेर सापडले होते. क्रमांकाच्या जागी मात्र कसर लागलेली होती. त्यांनी आकारामांना विचारले, “ह्या दगडांशी तुमचा संबंध काय? वहीत तुमचं नावच न्हाय. हितं लिवलंय, संकलक, प्रा. पाटगावकर व विद्यार्थी.”

आकारामांनी अर्जदाराकडे पाहिले. त्या पाहण्यात तक्रार नव्हती. असती तर बरे झाले असते.

११. यापुढील मजकूर अर्जदार कोणी न विचारता नोंदवीत आहे. डिसेंबर १९८९ मध्ये गदगजवळ सर्व विद्यार्थी पायराइटभोवती गोळा झाले असताना आकाराम बाजूला बसून एका मळकट, धुरकट गारगोटीकडे पाहत होते. ते म्हणाले, “बाई, ह्यो पिवळा येगळा दिसतोय. चमकंना.” अर्जदार हसली होती. मग तिने सुई लावली आणि खळगा पडला. तो नमुना आकारामांनी शोधला, त्यांनी आणला, त्यांनीच त्यावर क्रमांक घातला. नोंदवही अर्जदाराने लिहिली. परिचराचे नाव लिहिण्यासाठी त्यात रकाना नव्हता आणि रकाना पाडावा असे अर्जदाराला छत्तीस वर्षांत सुचले नाही. आपल्या कार्यालयाविषयी अर्जदाराने वर जे जे लिहिले आहे ते सर्व खरे आहे. पण मुळाकडे न पाहता रकाना भरण्याची विद्या तिलाही अवगत होती, हे तिने त्या ढिगासमोर उभे राहून श्री. खवरे यांना सांगितले. ते ऐकून श्री. खवरे म्हणाले, “म्हणजे नोंदवही खोटी हाय. तसं लिवून द्या.” मग ते आत गेले.

१२. संध्याकाळी आपण स्वतः गाडीतून उतरलात, गर्दी पाहिलीत, घण आत ठेवायला सांगितलात आणि ढिगावर ताडपत्री घालून घेतलीत. याबद्दल अर्जदार आपली आभारी आहे. दुसऱ्याच दिवशी त्याच आपल्या सहीने आकारामांना नोटीस गेली, म्हणून आभार येथेच थांबवीत आहे. आपल्या लिपिकांनी आकारामांना एक तयार माफीनामा दिला आहे. त्यात ‘मी गैरसमजुतीने व वयोमानामुळे सदर ढिगावर बसलो’ असे वाक्य आहे. त्याखाली अंगठा उठवला की प्रकरण मिटेल, असे त्यांना सांगण्यात आले. आकारामांना सही येते. माफीनामा त्यांनी वाचला, घडी घालून परत केला आणि म्हणाले, “गैरसमज झाला आसता तर खुर्चीवर बसलो आसतो.”

१३. तरी विनंती की,

(अ) उरलेले ३७५ नमुने आहेत त्या स्थितीत, ओतून नव्हे तर हातांनी उचलून, परत द्यावेत. फुटलेल्या ३७ नमुन्यांचे तुकडेही द्यावेत. आकारामांनी ते त्याच संध्याकाळी वेगवेगळ्या पोत्यांत भरून पोत्यांवर क्रमांक लिहिले आहेत. ती पोती आवारात पायरी म्हणून वापरली जात आहेत, ते थांबवावे.

(ब) नोंदवही परत द्यावी. ती खोटी नाही, अपुरी आहे. एका नोंदीत अर्जदाराला एक नाव लिहायचे आहे.

(क) लाखेने बंद केलेले ‘सोनेसदृश धातू’चे पाकीट कार्यालयाने खुशाल ठेवून घ्यावे.

(ड) खरा नमुना कोणता, तो शाबूत आहे की फुटला, याची विचारणा करू नये. हे असे कागदावर लिहिण्याची चूक अर्जदाराने एकदा केली आहे.

(इ) श्री. आकाराम मोरबाळे यांच्यावरील नोटीस मागे घ्यावी. ती मागे घेतली नाही, तर दि. २२ सप्टेंबरच्या सुनावणीस ते आणि अर्जदार दोघेही हजर राहतील. त्यांच्याकडे वकील नाही. काय घडले ते ते स्वतः सांगणार आहेत. गेल्या महिन्यात दोन दिवस पावसात बसल्यापासून त्यांचा उजवा गुडघा धरला आहे, त्यांना फार वेळ उभे राहवत नाही. म्हणून सुनावणीच्या दालनात त्यांच्यासाठी एक खुर्ची ठेवावी. ती न ठेवल्यास ते कोठे जाऊन बसतील हे कार्यालयाला ठाऊक आहे.

दोन महिन्यांपूर्वी होती तितकी नसली तरी आपली नम्र,

(सही)
नंदिनी नृसिंह पाटगावकर

मजकूर वाचला, बरोबर आहे :
(सही)
आकाराम दत्तू मोरबाळे

कोल्हापूर, दि. ९ सप्टेंबर २०२५

सोबत :
१) पंचनाम्याची प्रत.
२) मौजे गारगोटीहून आलेल्या उत्तराची प्रत.
३) सही न केलेला माफीनामा, घडीसह.
४) शिवणकामाची सुई, एक. पुढील वेळी घणाआधी वापरावी.