स्वतःच्याच नावाची चिठ्ठी

३० नोव्हेंबर, रविवार

चर्चमध्ये आज चिठ्ठ्या काढल्या. पाळकसाहेबांच्या पत्नीची, पाळकबाईंची, नवी टूम. ज्याचं नाव येईल त्याच्यासाठी नाताळपर्यंत रोज गुपचूप प्रार्थना करायची आणि नाताळच्या सकाळी सगळ्यांसमोर त्याला घरी केलेला खाऊ द्यायचा. स्वतःच्या हाताने केलेला. विकतचं चालणार नाही.

चिठ्ठी उघडली. माझंच नाव.

परत टाकायला हवी होती. उठलोही होतो. पण मग वाटलं, एवढ्या टोपलीभर चिठ्ठ्या आणि माझ्या हाताला नेमकी हीच लागावी? यात प्रभूची काहीतरी योजना असणार. आपण कोण त्यात ढवळाढवळ करणारे? बसलो खाली.

शिवाय यंदाचं वर्ष महत्त्वाचं. चर्चचा कारभार बघणाऱ्या वडिलांमधली एक जागा रिकामी झालीये. नाताळनंतरच्या रविवारी मतदान. उमेदवार दोनच, मी आणि ऑर्गनवाला. मी कित्येक वर्षं त्या जागेवर डोळा ठेवून आहे. माझं चष्म्याचं दुकान, निम्म्या मंडळीच्या नाकावर माझी फ्रेम. ऑर्गनवाल्याकडे काय आहे? ऑर्गन. तोही चर्चचा.

२ डिसेंबर, मंगळवार. सकाळी

प्रार्थना सुरू. गुडघ्यावर बसलो, पण काय मागावं तेच सुचेना. माणूस सज्जन, कष्टाळू, दिसायलाही बरा. शेवटी म्हणालो, प्रभू, त्याला वडिलांची जागा मिळू दे. आणि उठलो. दुसऱ्यासाठी मागण्यात जे समाधान आहे ते स्वतःसाठी मागण्यात नाही.

६ डिसेंबर, शनिवार

खाऊ ठरला. फ्रूटकेक. सहा अंडी, भरपूर लोणी, काजू, बदाम, बेदाणे, संत्र्याची साल. लोकांनी बघून म्हटलं पाहिजे, या माणसावर कुणाचा तरी किती जीव आहे.

हिने विचारलं, कुणासाठी? म्हणालो, गुपित आहे. ही म्हणाली, तुम्हाला साधं अंडं फोडता येत नाही. म्हणालो, जो माणूस भिंगं घासतो त्याला अंड्याचं काय कौतुक. त्यावर ही कपाळावर हात मारून आत गेली. पटलं असावं.

९ डिसेंबर, मंगळवार

रोज प्रार्थना करता करता त्या माणसाची जवळून ओळख होत चाललीये. खरं सांगायचं तर जरा निराशा होतेय. पहाटे उठतो म्हणतो, उठत नाही. परवा एका म्हाताऱ्या शिक्षिकेला चुकीच्या नंबरचा चष्मा दिला. बाई परत आल्या तर वर त्यांनाच म्हणाला, सवय होईल हळूहळू. अशा माणसासाठी मी सकाळी सकाळी गुडघे झिजवतोय.

काजू रद्द.

१३ डिसेंबर, शनिवार

बाजारात गेलो. बदाम हातात घेतले आणि परत ठेवले. स्वतःसाठी असते तर घेतलेही असते. पण दुसऱ्याला द्यायच्या वस्तूत माणसाने हात किती सैल सोडायचा? शेंगदाणे घेतले. सोलून बारीक केले की कोण ओळखतंय. बेदाणे मूठभर, तेही फक्त वरून दिसतील असे.

साखर निम्मी. त्याला मधुमेह आहे. हे त्याच्याच भल्याचं आहे, पण त्याला त्याची किंमत कळेल असं वाटत नाही.

१७ डिसेंबर, बुधवार

दुकानाला सुट्टी. ही चर्च सजवायला गेली होती, ओव्हन रिकामा. केक केला.

लोण्याऐवजी तेल. सहाऐवजी दोन अंडी, त्यातलं एक फरशीवर. डब्यात घालायला कागद मिळेना. शेजारी मागायला निघालो होतो, पण म्हटलं, त्या माणसासाठी एवढी यातायात कशाला? दुकानातला डोळे तपासायचा जुना तक्ता होता, तोच तेल लावून तळाशी घातला. फुगतोय का हे बघायला ओव्हन सारखा उघडत होतो. फुगला नाही. मग आणखी तासभर ठेवला. तरी नाही. ओव्हन जुना झालाय, हिला सांगायला हवं.

केक टणक झालाय. म्हणजे टिकाऊ. तक्त्याचा कागद पुष्कळ ओढला तेव्हा कुठे सुटला. पालथा करून बघायचं राहिलं, वरून मात्र बेदाणे छान दिसतायत.

१८ डिसेंबर, गुरुवार

हिने डबा उघडला, बोटाने केक वाजवून बघितला आणि झाकण लावलं. म्हणाली, त्या बिचाऱ्यासाठी मी दुसरा करून देऊ का? त्याच्यासाठी एवढं करायचं माझ्या जिवावर आलं. नाही म्हणालो. नियम म्हणजे नियम. ज्याचं त्याचं नशीब.

२१ डिसेंबर, रविवार

प्रार्थना थांबवल्या. त्या माणसाला वडिलांची जागा पेलेल की नाही, अशी शंका यायला लागलीये. मत मात्र त्यालाच देणार.

२५ डिसेंबर, गुरुवार. दुपारी

भाग्याचा दिवस.

सकाळी सगळ्यांच्या आधी जाऊन डबा टेबलावर ठेवला. वर फक्त माझं नाव. उपासना झाल्यावर एकेक जण पुढे येऊन आपला खाऊ देऊ लागला. हिने पोस्टमनला बिस्किटं दिली. ऑर्गनवाल्याने निवृत्त नर्सबाईंना जॅमची बाटली दिली, नर्सबाई रडल्या. जॅमला काय रडायचं. सगळे संपले आणि टेबलावर एकच डबा उरला. पाळकबाईंनी माझं नाव वाचलं. देणारा कोण, म्हणून विचारलं. कुणी उठेना. मी आश्चर्याने इकडे तिकडे बघितलं. छान जमलं.

केक सुरीने कापेना. दुसरी सुरी आणली, ती वाकली. खालून सोपा जाईल म्हणून पाळकबाईंनी केक पालथा घातला तर तळाला अक्षरं. उलटी उमटलेली, वर मोठी आणि खाली बारीक बारीक होत गेलेली. पाळकसाहेबांनी चष्मा काढून पुसला आणि परत घातला. फ्रेम माझीच.

मी डगमगलो नाही. असला तक्ता काय, कुठेही मिळतो. सरळ पुढे गेलो आणि माईक घेतला. म्हणालो, बंधुभगिनींनो, ज्याने हा केक केला त्याच्या मनात माझ्याबद्दल काय आहे ते दिसतंच आहे. सहाच्या जागी दोन अंडी, बदामाच्या जागी शेंगदाणे. तरीही आजच्या दिवशी मी त्याला क्षमा करतो. फक्त त्याने लपून राहू नये, पुढे यावं. बोलता बोलता मी रुमाल काढून डोळे पुसले. नाटक नव्हतं ते. कुणी आपल्याशी इतकं कंजूषपणे वागावं, याचं मला खरोखरच वाईट वाटलं.

सगळे खाली बघत होते. मी पुन्हा म्हणालो, पुढे यावं.

तेव्हा ऑर्गनवाला उठला. म्हणाला, मी केला. पहिल्यांदाच केला, बिघडला. माफ करा.

मग आठवलं, मध्यंतरी वाचायचा चष्मा करायला हा माझ्या दुकानात आला होता. तेव्हाच तक्ता लांबवला असणार. किती आधीपासूनचा कट. क्षणभर त्याचा असा संताप आला की काही विचारू नका. पण मोठ्या मनाने त्याला मिठी मारली आणि माईकवरून परत एकदा माफ केलं.

टाळ्या पडल्या नाहीत. लोक भारावले असणार. आता निवडणूक खिशात.

२६ डिसेंबर, शुक्रवार

कालपासून हिचा अबोला. संध्याकाळी चहा पुढ्यात आदळला तेव्हा विचारलं, झालंय तरी काय?

ही म्हणाली, चिठ्ठी प्रत्येकाला एकच होती ना? म्हणालो, हो. म्हणाली, मी पोस्टमनला दिलं. ऑर्गनवाल्यांनी नर्सबाईंना दिलं. काल तिथे प्रत्येकाने कुणाला ना कुणाला दिलं. तुम्ही कुणाला दिलंत?

मी म्हणालो, ते गुपित आहे.

ही म्हणाली, कसलं डोंबलाचं गुपित. केक पालथा घालायच्या आधीच अख्ख्या चर्चला कळलं होतं. वर आत किती अंडी आहेत तेही तुम्हीच माईकवरून सांगितलंत. चोराच्या उलट्या बोंबा. तुम्ही पुढे यावं, पुढे यावं करत होता आणि सगळ्यांना तोंड कुठे लपवू असं झालं होतं. त्या माणसाने तुमची अब्रू झाकायला सगळ्यांसमोर खोटं कबूल केलं. आणि तुम्ही त्यांना माफ केलंत. दोनदा.

ओव्हन जुना झालाय, एवढंच म्हणालो.

२८ डिसेंबर, रविवार

मतदान झालं. ऑर्गनवाले वडील झाले.

मला दोन मतं पडली. त्यातलं एक माझं. निकालानंतर हिच्याबरोबर घरी निघालो. दुसरं मत हिचं, हे मी धरूनच चाललो होतो. काही झालं तरी शेवटी आपलं माणूस ते आपलं माणूस. वाटेत हिचे आभार मानले.

ही म्हणाली, आभार कसले? मी ऑर्गनवाल्यांना मत दिलं. सगळ्यांनीच दिलं. एक ते सोडून. ते स्वतःला मत देणारे नव्हेत.

घरी पोचलो. एक बूट काढला आणि पायरीवरच बसलो. फार लाज वाटली. हिने दारातून विचारलं, आत यायचं नाही का?

म्हणालो, तू हो पुढे. मी जरा ऑर्गनवाल्यांकडे जाऊन येतो.

बूट परत घातला. अजून बसलोच आहे.