बत्तिशीचे दात घशात

७ मार्च, रविवार
सासूबाईंचा वाढदिवस. केक एक तुकडा, फोटो मात्र पोटभर. साडू, म्हणजे हिच्या थोरल्या बहिणीचा नवरा, दातांचा डॉक्टर. सदा हसतो, म्हणून मी मनातल्या मनात त्याला बत्तिशी म्हणतो. सहकुटुंब परदेशी जाऊन आलाय. टीव्हीवर बर्फात बत्तिशी, बोटीत बत्तिशी, घोड्यावर बत्तिशी. सासूबाई प्रत्येक फोटोला अगंबाई म्हणत होत्या. मग हा सगळ्यांदेखत मला म्हणतो, अहो, तुम्हीही पोरांना जग दाखवा की, लहान आहेत तोवरच मजा!
मला सांगतो! लिफ्ट कंपनीच्या तक्रार विभागात बसून मी अडकलेल्या कितीतरी माणसांना नुसत्या आवाजाने धीर दिलाय.
संकल्प : यंदा परदेश. असा परदेश की बत्तिशीचे दात बत्तिशीच्याच घशात गेले पाहिजेत. अर्थात हे सगळं मुलांच्या हितासाठी.

१३ मार्च, शनिवार
देश निवडणं चालू. हिचं म्हणणं, समुद्र, एकच हॉटेल, मुलं वाळूत खेळतील, आपण निवांत बसू. मी म्हटलं, वाळूचे फोटो कोण बघतं? ही म्हणाली, सुट्टी नक्की कोणासाठी आहे? विषय सोडून बोलायची हिला सवयच आहे.
त्याने निसर्ग केला, तर आपण संस्कृती करायची. म्युझियम्स, राजवाडे, तीन शहरं, सगळा प्रवास रेल्वेने. थोरली सहा वर्षांची, धाकटा चार. या वयात मेंदू स्पंजसारखा असतो.

२८ मार्च, रविवार
शुक्रवारी रजा मंजूर झाली. साहेबांनी विचारलं, घरी काही अडचण? म्हटलं, साडू. त्यांनी लगेच सही केली. त्यांनाही असावा.
मुलांची तयारी जोरात. थोरलीला चित्रकारांची नावं शिकवतोय. तिने ती बाहुल्यांना दिली आहेत. धाकट्याने विचारलं, राजवाड्यात घसरगुंडी असते का? मी असते म्हणालो. एवढ्या मोठ्या राजवाड्यात कुठेतरी उतार असणारच.

२ मे, रविवार
पोचलो. विमानात धाकटा ओकला. सगळं माझ्या अंगावर. जादा कपडे मुलांचे होते, माझे नव्हते. विमानतळावर गळ्यापासून वरचा फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकला. बत्तिशीने नुसता अंगठा पाठवला. जळला!

३ मे, सोमवार
पहिलं म्युझियम. थोरली मोठ्याने म्हणाली, या बायकांचे कपडे धुवायला टाकलेत का? आपली भाषा इथे कोणाला कळते म्हणून निर्धास्त होतो. शेजारचं जोडपं खो खो हसलं. त्यांना कळत होती.
धाकट्याने अख्ख्या दालनात एकच वस्तू पाहिली, आग विझवायचं लाल नळकांडं. तिथून हलेना. त्याला उचलून एका प्रसिद्ध चित्रासमोर धरला, फोटो काढला. फोटोत तो रडतोय, पण कलेने भारावल्यासारखा वाटतो. ग्रुपवर टाकला.
संध्याकाळी दोघांना हॉटेलच्या लिफ्टमध्ये नेलं. दार किंचित घासत होतं. ते का घासतं, लिफ्टला कुठे थांबायचं ते कसं कळतं, सगळं सांगितलं. मुलं टाळ्या पिटत वर-खाली करत होती. ही म्हणाली, आज पहिल्यांदा तू सुट्टीवर आल्यासारखा दिसतोयस. फोटो काढला नाही. लिफ्टचा फोटो ग्रुपवर कोण टाकतं!

५ मे, बुधवार
दुसरं शहर. राजवाडा. लिहायचं मन नाही, पण लिहितो.
बाहेरच्या दगडी पायऱ्यांवर मुलांना उभं केलं. मागचा घुमट फ्रेममध्ये येईना. धाकट्याला म्हटलं, एक पायरी वर. अजून एक. आता हस. तो हसला आणि पडला. तोंडभर रक्त. पुढचा दात पायरीवर. मी बरंच ओरडलो म्हणे, काय ते आठवत नाही.
हिने त्याला पोटाशी धरलं आणि बत्तिशीला व्हिडिओ कॉल लावला. मी म्हटलं, त्याला नको. त्यावर तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती इथे लिहीत नाही.
पेशंटला खुर्चीत तसाच ठेवून तो फोनवर आला. आधी मला म्हणाला, तुम्ही खाली बसा. मग हिला विचारलं, शुद्ध गेली होती का, उलटी झाली का? नाही. ठीक. स्वच्छ ओलं फडकं दाबून धर. दुधाचा दात आहे, तो परत बसवायचा नसतो. तिथल्या डॉक्टरला आजच दाखवा. मग धाकट्याला म्हणाला, अरे वा, तुझ्या तोंडाला खिडकी आली की! जीभ बाहेर डोकावते का बघू? पोरगं रक्ताळल्या तोंडाने हसलं.
शेवटी मला हळूच म्हणाला, स्वतःला लावून घेऊ नका. आमचा मोठा तिकडे बर्फात हरवला होता. सापडेपर्यंत आम्ही दोघं वेडे झालो होतो. तुम्ही पाहिलेत ते फोटो सगळे त्याच्या आधीचे. नंतर एकही काढला नाही.
मला रडू आलं. डॉक्टरकडे जाताना टॅक्सीत डोळे पुसले. मग लक्षात आलं, अरे, हे तर घबाड हाती लागलं! त्याच्या हसऱ्या फोटोंचं बिंग आता माझ्या मुठीत.

९ मे, रविवार
घरी परत. तिसरं शहर रद्द केलं. हिने निर्णय कळवला, मी सहमत झालो. धाकटा मजेत, भेटेल त्याला खिडकी दाखवतो. पुढच्या रविवारी सासूबाईंकडे आमच्या फोटोंचा कार्यक्रम. बत्तिशी येणार. योग्य क्षणी मी सहज विचारणार, काय हो, बर्फात मोठा हरवला होता ना?

१६ मे, रविवार
फोटो लावले. तिसऱ्या म्युझियमला सासूबाईंना डुलकी लागली. राजवाडा आला. हीच वेळ. मी घसा खाकरला. तेवढ्यात सासूबाई जाग्या होऊन म्हणाल्या, पोराला पायऱ्यांवर चढवलं कोणी? सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी तोंड उघडायच्या आत बत्तिशीच म्हणाला, अहो आई, आमचा तर बर्फात हरवला होता! आणि त्याने सगळं सांगितलं. आपण कसे ओरडत धावलो, बूट कुठे पडला, पोरगं कसं एका दुकानात गरम सूप पीत बसलं होतं. मेव्हणी रडली, मग हसली. सासूबाईंनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. माझं घबाड त्याने माझ्यासमोर फुकट वाटून टाकलं. वर माझी सुटकाही केली. असल्या माणसाचा सूड घ्यायचा तरी कसा?
सासूबाईंनी थोरलीला विचारलं, परदेशात काय आवडलं? ती म्हणाली, लिफ्ट. मेव्हणीला वाटलं, पोर चेष्टा करतेय.
निघताना दोन्ही मुलं त्याच्या पायांना मिठी मारून बसली, आज काकांकडेच राहणार म्हणून. तो म्हणाला, राहू द्या हो, उद्या आणून सोडतो.
घरी आलो. घर शांत. हिने सोफ्यावर पाय पसरले, डोळे मिटले आणि म्हणाली, आहाहा, याला म्हणतात सुट्टी.
ही सुट्टी कोणी दिली, ते ती बोलली नाही. मी तिच्या शेजारी पाय पसरून बसलो. बरं वाटत होतं, मेलं.